पाहुणे येणार म्हणून

२ फेब्रुवारी १९८७

सकाळी अंगण झाडलं. भात चुलीवर ठेवून बाहेर आले तर पुन्हा राख. पुन्हा झाडलं. बालवाडी सुटल्यावर दुपारी घरी आले तर अंगणात मांजराची पावलं उमटलेली, पिठात चालून गेल्यासारखी. माठाचं झाकण काढलं तर पाण्यावर राखेची साय. तेव्हा ठरवलं की हे लिहून ठेवायचं. ही वही बालवाडीच्या प्रशिक्षणात मिळाली होती, वर 'वच्छला' असं माझं नाव घालून. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, रोज लिहा, मन हलकं होतं. रोज लिहायला वेळ मिळाला असता तर मन जड झालंच नसतं.

नाल्यापलीकडे बिजलीघर सुरू झालं तेव्हा आम्ही कोसमघाटचे सगळे लोक धुराडं पाहायला गेलो होतो. सरपंच गुणवंतराव म्हणाले होते, "आता गावात अंधार राह्यत नाई." आता दिवसा सगळं पांढरट दिसतं. लाइट मात्र अजून आली नाही. खांब आले, तार यायची आहे.

माझी करुणा नऊ वर्षांची. दिवाळीनंतर तिच्या छातीत घरघर सुरू झाली. सावली गावाला माझ्या भावाकडे नेऊन ठेवली, तर तिथे धानाच्या बांध्यांवरून धावते आणि घरघरीचं नाव नाही. म्हणजे खोट पोरीच्या छातीत नाही, इथल्या हवेत आहे. ही राख थांबल्याशिवाय मी माझ्या लेकराला घरी आणू शकत नाही. एवढं साधं आहे आणि कोणाला कळत नाही.

करुणाचे बाबा त्याच बिजलीघरात ठेकेदाराकडे कामाला आहेत, पाण्याच्या पंपावर. काम तरी स्वच्छ आहे. संध्याकाळी येतात ते डोकं ओलं, अंगावर धुतलेला सदरा. म्हणतात, "पंपावरच न्हातो." घरात एवढं स्वच्छ माणूस दुसरं नाही. फक्त खोकतात. बिडी सोडली म्हणे! सोडली असती तर खोकला कशाला राहिला असता?

९ फेब्रुवारी

विहाराच्या पटांगणात बायकांची बैठक घेतली. कलाबाई पहिली आली. कुणब्यांच्या वाड्यावरची आहे, पण राख काही वाडा पाहून पडत नाही, त्यामुळे आता आमचं चांगलं जमतं. तिच्या लाखोळीच्या उभ्या पिकावर राख बसली आणि बैल कुटाराला तोंड लावत नाहीत.

बैठकीत राखेवर बोलणं झालं थोडं. बाकी कोणाची सून कुठे गेली, कोणाच्या कोंबड्या कोणी नेल्या, हे झालं. मी दोनदा टाळ्या वाजवून गप्प केलं. बालवाडीतली लेकरं तरी ऐकतात.

शेवटी ठरलं की फाटकावर मोर्चा न्यायचा. गुणवंतराव म्हणाले, "करा माय, मी पाठीशी हाओ." ते पाठीशीच असतात. पुढे कधी दिसत नाहीत. त्यांचा ट्रॅक्टर ठेकेदाराकडे लागलेला आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

१८ फेब्रुवारी

पुन्हा साबण संपला. अंगाचा लाल साबण, अख्खी वडी, बाजारातून आणून आठवडाही झाला नाही. घरात माणसं तीन. मी सासूबाईंना विचारलं, "बाई, साबन खाता का तुमी?"

त्या म्हणाल्या, "खातो. भाकरीसंग खातो. तुले काय करायचं हाय?"

ठमाबाई नाव आहे त्यांचं, तोंड जरा जास्त चालतं. आधी साबण कोणाला दिला का म्हणून विचारलं तर चुलीकडे तोंड करून बसल्या. मला वाटतं शेजारी देतात. देऊ दे. पण सांगून द्यावं.

करुणाच्या बाबांना आज जवळून पाहिलं. कानाच्या मागे पांढरी रेघ होती, धुवायची राहिलेली. म्हटलं, एवढा साबण घरात लागतो, जरा कानामागेही लावत जा. ते हसले आणि खोकला लागला. हसण्याचं काम नव्हतं. तोंडाला बिडीचा वास येत नाही, म्हणूनच धुऊन येतात. मला काय कळत नाही का?

२७ फेब्रुवारी

मोर्चा झाला. झाला म्हणायचा.

निघताना पन्नास बायका होत्या, फाटकावर पोचेपर्यंत निम्म्या नाल्यावर कपडे धुवायला थांबल्या. "इथपरेंत आलोच हाओ तं धुऊन घेतो," म्हणाल्या. राखेविरुद्ध मोर्चा आणि डोक्यावर धुण्याची पाटी!

फाटकावर एक साहेब आला. इस्तरीचे कपडे. म्हणाला, राख शेतीला चांगली असते, सिमेंटमध्येही घालतात. कलाबाई म्हणाली, "मंग घेऊन जा ना सायेब, आमाले कायले देता?" तो हसला. मी निवेदन दिलं: धुराड्यात राख अडवायचं यंत्र बसवलं आहे असं म्हणता, तर ते चालवा, आणि राखेच्या ढिगावर पाणी मारा. त्यानं वाचलं आणि विचारलं, "पुरावा काय?"

मी हातातला रुमाल त्याच्या तोंडासमोर धरला. सकाळी पांढरा होता. तो म्हणाला, रस्त्याची धूळ असेल.

घरी येऊन दोन वेळा चहा टाकला तरी राग उतरला नाही. करुणाचे बाबा उशिरा आले, ओल्या डोक्यानं. मोर्च्याचं विचारलंही नाही. बायको फाटकावर बोंबलून आली आणि नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला.

६ मार्च

पुरावा पाहिजे तर पुरावा देऊ. आज शिडी लावून छपराच्या कवेलूंवरची राख झाडून गोळा केली. पिठासारखी बारीक. एक मोठा डबा भरला, झाकण लावलं आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवला. सासूबाईंना सांगितलं, याला हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, "राखेले कोन हात लावते व?"

करुणाचे बाबा म्हणाले, "जरा सबुरीनं घे. तुय नाव फाटकावर सगळ्याइले माहीत झालं. ठेकेदार मले म्हने, तुयी बायको लीडर हाय का बे?"

मी म्हटलं, "मंग सांगा ना, हाय म्हून."

"सांगन. अना दुसऱ्या दिवशी घरी बसन."

मी म्हटलं, तुम्हाला पंपावर बसून काय जातं, पाणी सुरू करायचं आणि बंद करायचं. करुणा तिकडे मामाच्या घरी आणि तुम्हाला ठेकेदाराची चिंता. ते उठले. खोकत बाहेर गेले. खरं तर मला मागून जायचं होतं, पण राग आला की माझे पाय जागेवरच राहतात.

२० मार्च

मोठी बातमी! नागपूरहून पाहणीसाठी साहेब येणार. आमचं निवेदन वर गेलं, असं गुणवंतराव सांगत होते, जणू त्यांनीच डोक्यावर नेलं. सत्तावीस तारखेला येणार.

संध्याकाळी सगळ्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं: आजपासून कोणीही झाडायचं नाही. अंगण नाही, ओटा नाही, कवेलू नाही, काही नाही. साहेब येईल तेव्हा जशी पडली तशी राख दिसली पाहिजे.

जशी काही मी कोणाचं घर पेटवायला सांगितलं! कलाबाई म्हणाली, "पाहुने येतीन अना अंगन घान? लोक काय म्हनतीन?"

म्हटलं, "ते पाहुने नाई, तपासनीस हायेत."

"दारात आला तो पाहुनाच."

सासूबाई तर म्हणाल्या, त्यांच्या जन्मात त्यांनी सडा न टाकलेल्या अंगणात कोणाला बसवलं नाही आणि आता मरतेवेळी बसवणार नाहीत. एक तास घसा कोरडा केला. शेवटी सगळ्यांकडून हो म्हणवून घेतलं, बुद्धमूर्तीसमोर. कलाबाईनं तिच्या मारोतीची शपथ घेतली.

२४ मार्च

मोह पडायला लागला. पहाटे बायका झाडाखालून फुलं वेचून आणतात आणि अंगणात वाळवतात. यंदा फुलं पिवळी नाहीत, राखाडी आहेत. छान. साहेबाला दिसतील.

पण खरं लिहायचं तर अंगणाकडे पाहवत नाही. पायाखाली चरचरतं. ओट्यावर बोटानं रेघ ओढता येते. परवा झाडू उचलला आणि परत ठेवला. रात्री अंगभर खाजल्यासारखं होतं. माझ्या आईनं मला काय शिकवलं होतं, आणि मी काय करते आहे.

२७ मार्च

आज अक्षर कसंही येईल.

साहेब सकाळी येणार होते, पार दुपार उलटल्यावर आले. तीन जण, जीपमध्ये. आणि आमचं कोसमघाट कसं दिसत होतं? लग्नघरासारखं! प्रत्येक अंगण शेणानं सारवलेलं. सडा, रांगोळी. ओटे पुसलेले. कलाबाईनं तर भिंतीला चुन्याचा हात मारला होता. मोहफुलं सुपात पाखडून, स्वच्छ करून, झाकून ठेवलेली. नाल्यापलीकडे आज धुराड्यातून धूरही कमी होता. साहेब येणार हे त्यांनाही माहीत होतं ना!

हे सगळं कसं झालं? बायकांना विचारलं तर म्हणतात, "तू सुरू केलं." मी! मी सगळं अंगण झाडलंच नव्हतं. पहाटे उठले, तर जिथे खुर्ची ठेवायची होती तेवढीच जागा झाडली. माणूस बसणार, त्याच्या पायाखाली तरी स्वच्छ नको? मग तेवढीच जागा उठून दिसायला लागली, म्हणून आजूबाजूला थोडं सारवलं. दारासमोर सडा टाकला, पण तो राख उडून साहेबाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. तेवढं पाहून कलाबाईनं झाडू काढला, तिला पाहून बाकीच्यांनी. यात माझा काय दोष? दुसऱ्याचं पाहून करायची सवयच आहे या गावाला.

खुर्ची एकच, ग्रामपंचायतीची. मोठे साहेब त्यावर बसले. बसण्याआधी मी ती पदरानं पुसली. मग आठवलं आणि जीभ चावली. ते म्हणाले, "गाव फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही. कौतुक आहे. राख कुठे आहे?"

मी म्हटलं, थांबा साहेब, पुरावा आहे. आत गेले, डबा काढला. हलका लागला. उघडला तर तळाशी चमचाभर.

"बाई, यातली राख कुठी?"

सासूबाई म्हणाल्या, "भांडे घासले. पाहुन्याइच्या पुढं काय काळे पेले ठेवतं का? मस्त निघते व त्या राखेनं, बारीक हाय."

बाहेर साहेबांच्या हातात पितळेचा पेला सोन्यासारखा चमकत होता. त्यांनी पाणी पिऊन तो परत दिला आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले. गुणवंतराव मागे हात बांधून उभे होते. मी सांगत होते, साहेब, आम्ही आजच झाडलं, रोज एवढी पडते, माझी पोरगी इथे राहू शकत नाही. धाकटा साहेब म्हणाला, "बाई, आम्हाला दिसतं तेच लिहावं लागतं." जीपवाल्यानं गाडी सुरू केली.

तेवढ्यात नाल्याकडून एक म्हातारा आला. डोकं पांढरं, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या, अंगावरचा कपडा कोणत्या रंगाचा ते कळत नव्हतं. मला वाटलं कोणी फिरस्ता आहे. मी ओरडणार होते की सारवलेल्यावरून येऊ नको. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "दसरू, आज न्हाला नाईस का रे?"

करुणाचे बाबा होते.

ते सरळ खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. "सायेब, राख पाह्यजे ना? मी धुराड्याखालच्या राखेच्या कोठ्या खाली करतो. फावड्यानं. पाहून घ्या." हात झटकला तर सारवलेल्या जमिनीवर राख पडली. मग त्यांना खोकला लागला. असा खोकला मी घरात ऐकला नव्हता. वाकले, गुडघ्यांवर हात टेकले, थांबतच नव्हता. मोठे साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्वतः पेल्यात पाणी ओतून दिलं. धाकट्यानं मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

जीप गेली. मी विचारलं, "पंप?"

ते म्हणाले, "पंपावर होतो पयले. मंग राखेवर टाकलं. तुले सांगतलं असतं तं तू ठेकेदाराच्या घरी गेली असती."

गेलेच असते.

२९ मार्च

ठेकेदारानं निरोप दिला, दसरूनं उद्यापासून येऊ नये. वाटलंच होतं.

साबण कुठे जात होता तेही कळलं. सासूबाई रोज वडी पदराखाली नेऊन नाल्यावरच्या दगडाखाली ठेवायच्या. धुतलेला सदराही. ते तिथे न्हाऊन, घासून घासून, अंधार पडायच्या आत घरी यायचे. मी विचारलं, मला कोणी का सांगितलं नाही?

सासूबाई म्हणाल्या, "तुयं अंगन घान होते म्हून. तूच म्हनली होती, राखेचे पाय घेऊन घरात याचं नाई." मी असं म्हटलं होतं. मांजराला म्हटलं होतं, पण करुणाचे बाबा ऐकत होते.

साहेब आले त्या दिवशी नाल्यावर धुणं धुणारी एक बाई सांगत होती की सायेबाइले राखच दिसली नाई, वच्छला रडकुंडीला आली. ते साबण हातात घेऊन बसले होते. साबण तिथेच ठेवला आणि चालत आले.

अंगणात खुर्चीच्या जागेसमोर त्यांची पावलं अजून आहेत, ओल्या शेणात राखेची. मला त्यावर सारवता आलं नाही. कलाबाई म्हणाली, "देतो का मी सारवून?" मी तिला असं काही बोलले की ती घरी गेली. उद्या जाऊन बोलावून आणीन.

९ एप्रिल

चांद्याला दवाखान्यात गेलो. ते नको म्हणत होते, ओढून नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. मग मान न उचलता विचारलं, "बिडी किती ओढता?"

करुणाच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत मी बोलले, आणि जोरात बोलले. "बिडी नाही ओढत ते. राख ओढतात. तुम्ही राख लिहा."

डॉक्टर म्हणाला, "ओरडू नका बाई." लिहिलं की नाही ठाऊक नाही. म्हणाला, छातीचा फोटो काढावा लागेल, आणि हे काम पुन्हा करू नका. काम तर गेलंच आहे. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि म्हणाले, "दोन वर्षं झाले बिडी सोडून." मी म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं. रडू येत होतं, म्हणून सगळा रस्ता कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडले.

१७ एप्रिल

पाहणीचा कागद आला. गुणवंतरावांनी वाचून दाखवला. गावात राख आढळली नाही, गावकऱ्यांनी स्वच्छतेची उत्तम सवय जोपासली आहे. एका कामगाराच्या अंगावर राख होती, ती त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे.

कामाच्या स्वरूपामुळे! डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण जवळची भिंत कलाबाईची, तीही चुन्यानं रंगवलेली.

सगळ्या बायका फाटकावर गेलो आणि बसलो. या वेळी नाल्यावर कोणी थांबलं नाही, धुणं कोणी आणलं नाही. करुणाचे बाबा पण आले, बसून राहिले, खोकत. दिवस मावळताना इस्तरीचा साहेब बाहेर आला. म्हणाला, पुन्हा पाहणी करायला लिहितो, तारीख कळवतो.

मी म्हटलं, "तारीख नका कळवू. पाहुन्यासारखे सांगून येऊ नका, चोरासारखे या."

कलाबाई म्हणाली, "हो सायेब. सांगून आले तं आमच्यानं राहवत नाई."

त्याला काही समजलं नाही. पण लिहून घेतलं.

२५ एप्रिल

करुणाचं पत्र आलं, मामानं लिहून दिलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येऊ का विचारते. मी अजून उत्तर दिलं नाही. तिचे बाबा म्हणाले, "ये म्हन." मग खोकला लागला आणि तेच म्हणाले, "नको, राहू दे."

आज ग्रामपंचायतीची खुर्ची मागून आणली आणि अंगणात मधोमध ठेवली. साहेब येईल तेव्हा येईल, पुढच्या महिन्यात, पावसाळ्यात, कधीही. खुर्ची तिथेच राहणार. दुपारपर्यंत बैठकीवर पांढरा थर बसला. संध्याकाळी सासूबाई सवयीनं ओलं फडकं घेऊन निघाल्या. मी काही बोलणार एवढ्यात आतून त्यांच्या लेकाचा खोकला आला. त्या खुर्चीपाशी थांबल्या. मग फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसल्या.

म्हणाल्या, "पुसू दे सायेबाले, त्याच्याच रुमालानं."